नमपायमध्ये ॲरेची वर्गमुळं: एका ओळीचं काम आणि त्यातले खड्डे

ॲरेतल्या (एकाच प्रकारच्या संख्यांच्या यादीतल्या) प्रत्येक संख्येचं वर्गमूळ काढणं हे नमपायमध्ये, म्हणजे पायथनच्या आकडेमोडीच्या लायब्ररीत, एका ओळीचं काम आहे. फंक्शनचं नाव एसक्यूआरटी. त्याला ॲरे द्यायचा, की तेवढ्याच आकाराचा नवा ॲरे हातात येतो. या फंक्शनमध्ये बिघडण्यासारखं फारसं काही नाही. घोळ होतो तो त्याच्या आधी: ॲरेचा डीटाइप (त्यातल्या संख्यांचा प्रकार) न बघता पुढे गेलं की उत्तरं कधी नॅन ('ही संख्याच नाही' अशी खूण) येतात, कधी दोन-तीन दशांशांनंतर भरकटतात, आणि कधी दिसायला अगदी बरोबर पण साफ चुकीची येतात. तिसरा प्रकार सगळ्यात वाईट, कारण तिथे एररही येत नाही.

खालच्या सगळ्या आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. तुमच्या फाइलमध्ये त्या रोमन लहान अक्षरांत टाइप करायच्या. पायथन ३ ला व्हेरिएबलची नावं देवनागरीत चालतात, त्यामुळे 'अंक' किंवा 'मुळे' ही नावं तशीच ठेवली तरी कोड रन होतो. कोडमधले आकडे मात्र रोमनच हवेत. तिथे देवनागरी आकडा टाकला तर सिंटॅक्सएरर येईल.

तयारी

टर्मिनलमध्ये एकदाच:

```
पिप इन्स्टॉल नमपाय
```

आणि फाइलच्या वर, सगळे वापरतात त्याच टोपणनावाने:

```
इम्पोर्ट नमपाय ॲज एनपी
```

इथे नवखे हमखास एका जागी अडकतात. सराव करायचा म्हणून ते आपल्या फाइललाच 'नमपाय.पीवाय' असं नाव देतात. मग इम्पोर्ट करताना पायथन लायब्ररीऐवजी ती फाइलच उचलतो आणि 'ॲरे नावाचं काही नाही' अशी तक्रार करतो. फाइलचं नाव बदला, काम झालं.

पहिला हिशोब

```
अंक = एनपी.ॲरे([१, ४, ९, १६])
मुळे = एनपी.एसक्यूआरटी(अंक)
प्रिंट(मुळे)
```

उत्तर येतं [१. २. ३. ४.]. प्रत्येक आकड्यापुढचा टिंब बघा. तो छपाईची चूक नव्हे. या आता पूर्ण संख्या राहिलेल्या नाहीत, फ्लोट (दशांश संख्या) झाल्या आहेत, हे तो टिंब सांगतो. मूळ 'अंक' जसाच्या तसा राहतो. एसक्यूआरटी त्याला हात लावत नाही.

ॲरे दोन मितींचा असो वा पाच, आज्ञा तीच. साधी पायथनची लिस्ट दिली तरी नमपाय तिचा ॲरे करून घेतं. पांडाज या तक्त्यांच्या लायब्ररीची सिरीज (एक कॉलम) दिली तर सिरीजच परत मिळते, इंडेक्ससकट.

उत्तराचा डीटाइप बघा

आता हे दोन तपासा:

```
प्रिंट(अंक.डीटाइप)
प्रिंट(मुळे.डीटाइप)
```

साधारण कॉम्प्युटरवर पहिला इंट६४ आणि दुसरा फ्लोट६४ दिसेल. इंट म्हणजे पूर्ण संख्या, आणि पुढचा आकडा म्हणजे एका संख्येला मिळणारे बिट. पूर्ण संख्या दिल्या तर 'ती संख्या सुरक्षित मावेल असा सगळ्यात लहान फ्लोट' नमपाय निवडतं. इंट३२ आणि इंट६४ साठी तो फ्लोट६४ असतो. इंट१६ साठी फ्लोट३२. आणि इंट८, यूइंट८ (ऋण नसलेल्या पूर्ण संख्या) व बूल (खरं-खोटं) यांच्यासाठी फ्लोट१६, म्हणजे जेमतेम तीन अंकांची अचूकता.

फ्लोट१६ कोण वापरतं, असं वाटेल. पण फोटो कोडमध्ये उघडला की त्याचे पिक्सेल बहुतेक वेळा यूइंट८ मध्येच येतात, ० ते २५५. त्या ॲरेवर थेट एसक्यूआरटी चालवलं की २ चं वर्गमूळ १.४१४२१३५६ ऐवजी १.४१४०६२५ साठवलं जातं. फोटो उजळ करायचा असेल तर एवढ्या फरकाने काही बिघडत नाही. बेरीज करायला गेलात तर बिघडतं. १००० बाय १००० चा फोटो घ्या, ज्यात प्रत्येक पिक्सेल १०० आहे. प्रत्येकाचं मूळ १०, म्हणजे बेरीज एक कोटी यायला हवी. उत्तर येतं इन्फ, म्हणजे अनंत. फ्लोट१६ मध्ये ६५५०४ च्या वर मर्यादित संख्याच मावत नाही, आणि नमपायचं सम फंक्शन फ्लोट१६ ची बेरीज फ्लोट१६ मध्येच परत देतं.

उपाय सोपा आहे. काय हवं ते आधीच सांगा:

```
मुळे = एनपी.एसक्यूआरटी(चित्र, डीटाइप=एनपी.फ्लोट३२)
```

किंवा चित्र.ॲजटाइप(एनपी.फ्लोट३२) करून, म्हणजे डीटाइप बदलून, मग पुढे जा. फोटोंसाठी फ्लोट३२ पुरतो. मोजमापं आणि आकडेमोडीसाठी फ्लोट६४ घ्या, त्यात काटकसर करू नका.

वर्ग करतानाच आकडा उलटला तर

वर्गमूळ बहुतेक वेळा एकटं येत नाही. दोन बिंदूंमधलं अंतर काढताना आधी वर्ग, मग बेरीज, मग मूळ. यातली पहिली पायरी पूर्ण संख्यांमध्ये झाली तर धोका आहे.

इंट३२ मध्ये जास्तीत जास्त २१४७४८३६४७ मावतात. त्यात ५०००० चा वर्ग केला तर २५० कोटी यायला हवेत, पण ते मावत नाहीत. गाडीचं मीटर शेवटच्या आकड्यानंतर पुन्हा शून्यावर येतं तसा आकडा फिरतो आणि −१७९४९६७२९६ होतो. त्याचं मूळ नॅन. हे तरी लक्षात येतं. १००००० चा वर्ग केलात तर आकडा पूर्ण दोन फेऱ्या मारून १४१००६५४०८ वर थांबतो. ही धन संख्या आहे, त्यामुळे एसक्यूआरटी गुपचूप ३७५५०.८४ देतं. एक लाख यायला हवा तिथे साडेसदतीस हजार, आणि ॲरेच्या हिशोबात कुठलीही वॉर्निंग नाही.

हाच कोड एकाच्या मशीनवर बरोबर आणि दुसऱ्याच्या मशीनवर चुकीचा चालल्याची उदाहरणं पुष्कळ सापडतील. कारण विंडोजवर नमपाय २.० च्या आधी पूर्ण संख्यांचा नेहमीचा डीटाइप इंट३२ होता. लिनक्स आणि मॅकवर इंट६४. जून २०२४ मध्ये आलेल्या २.० पासून ६४-बिट विंडोजवरही इंट६४ झाला. जुनी आवृत्ती वापरत असाल तर हे ध्यानात ठेवा.

यूइंट८ ची आणखी एक खोड: त्यात १० − २० चं उत्तर २४६ येतं, कारण ऋण संख्येला तिथे जागाच नाही. दोन फोटोंमधला फरक, त्याचा वर्ग, त्याचं मूळ, असा हिशोब असेल तर वजाबाकीच्या आधी ॲजटाइप करा. मूळ काढताना करून उपयोग नाही, तोवर माहिती गेलेली असते.

फ्लोटमध्येही वर्ग मर्यादेबाहेर जाऊ शकतो, फक्त ती मर्यादा फार लांब आहे. १० चा २०० वा घात घेऊन त्याचा वर्ग केला की फ्लोट६४ मध्येही इन्फ होतो. काटकोन त्रिकोणाचा कर्ण किंवा सपाटीवरचं अंतर हवं असेल तर एनपी.हायपॉट(क्ष, य) वापरा. ते हा मधला स्फोट टाळतं आणि कोडही छोटा होतो.

ऋण संख्या

```
अंक = एनपी.ॲरे([४.०, -९.०, २५.०])
एनपी.एसक्यूआरटी(अंक)
```

उत्तर [२. नॅन ५.], आणि सोबत 'रनटाइमवॉर्निंग: इनव्हॅलिड व्हॅल्यू एन्काउंटर्ड इन एसक्यूआरटी'. प्रोग्रॅम थांबत नाही. नॅन पुढच्या प्रत्येक बेरजेत, सरासरीत पसरत जातो आणि शेवटी सगळं उत्तरच नॅन होतं. शिवाय ही वॉर्निंग कोडमधल्या एका जागेसाठी सहसा एकदाच छापली जाते. लूपमध्ये हजार वेळा घडलं तरी पडद्यावर एकच ओळ दिसेल, आणि ती इतर मजकुरात सहज निसटते.

आता निर्णय तुमचा: ऋण संख्या तिथे असायलाच नको होती, की ती खरी आहे?

असायला नको होती, तर प्रोग्रॅम तिथेच अडवा:

```
विथ एनपी.एररस्टेट(इनव्हॅलिड='रेज'):
    मुळे = एनपी.एसक्यूआरटी(अंक)
```

आता वॉर्निंगऐवजी फ्लोटिंगपॉइंटएरर येईल आणि चूक नेमकी कुठे आहे ते कळेल. 'रेज' च्या जागी 'इग्नोर' लिहिलं की वॉर्निंग गप्प होते. नवख्यांनी तो मार्ग घेऊ नये असं माझं मत आहे. आजार तसाच राहतो, फक्त ताप मोजायचा थांबतो.

ऋण संख्या खरी असेल आणि काल्पनिक मूळ हवं असेल, तर एनपी.ईमॅथ.एसक्यूआरटी आहे. ते −९ चं मूळ ३जे देतं (जे म्हणजे −१ चं मूळ). पण त्याची एक सवय त्रासदायक ठरते: ॲरेत एकही ऋण संख्या नसेल तर उत्तर साधं फ्लोट, आणि एक जरी असेल तर अख्खा ॲरे कॉम्प्लेक्स (काल्पनिक भाग असलेल्या संख्यांचा). म्हणजे उत्तराचा डीटाइप डेटावर अवलंबून राहतो. आज चाललेला कोड उद्याच्या डेटावर वेगळ्याच ठिकाणी मोडू शकतो. सतत कॉम्प्लेक्सच हवं असेल तर अंक.ॲजटाइप(कॉम्प्लेक्स) करून साधं एसक्यूआरटी लावणं जास्त भरवशाचं.

तिसरी शक्यता सगळ्यात जास्त वेळा समोर येते. संख्या गणिताने शून्य असायला हवी, पण फ्लोटच्या गोळाबेरजेत (जवळच्या मावेल त्या संख्येला गोळा करण्यात) ती शून्याच्या किंचित खाली गेली. ०.३ − (०.१ + ०.२) करून बघा. शून्य येत नाही, साधारण −५.५५ गुणिले १० चा −१७ वा घात येतो, आणि त्याचं मूळ नॅन. प्रमाण विचलन 'वर्गांची सरासरी वजा सरासरीचा वर्ग' या सूत्राने काढलं, किंवा एकक वर्तुळावरचा साइन कोसाइनपासून काढला, की हेच होऊ शकतं. अशा वेळी शून्याखालचं शून्यावर आणा:

```
मुळे = एनपी.एसक्यूआरटी(एनपी.मॅक्झिमम(अंक, ०))
```

मॅक्झिमम नॅनला झाकत नाही. आधीपासून नॅन असेल तर तो तसाच बाहेर येतो, हे बरं आहे. पण ही ओळ लावण्याआधी अंक.मिन() एकदा छापा. उत्तर शून्याला चिकटून असेल तर खुशाल लावा. −३ असेल तर तो सहसा गोळाबेरजेचा दोष नसतो, तुमच्या सूत्रात चूक असते, आणि मॅक्झिमम ती पुरून टाकेल.

आउट आणि व्हेअर

फक्त काही घटकांचीच मुळं हवी असतील तर बरेच जण हे लिहितात:

```
एनपी.व्हेअर(अंक >= ०, एनपी.एसक्यूआरटी(अंक), ०)
```

उत्तर बरोबर येतं, वॉर्निंगही येते. कारण आतलं एसक्यूआरटी आधी सगळ्या ॲरेवर चालतं, निवड नंतर होते. निवड आधी करायची असेल तर ती फंक्शनलाच सांगा:

```
मुळे = एनपी.झिरोज(अंक.शेप)
एनपी.एसक्यूआरटी(अंक, आउट=मुळे, व्हेअर=(अंक >= ०))
```

इथे आउट (उत्तर कुठल्या ॲरेत लिहायचं ते) देणं टाळू नका. ते नसेल तर वगळलेल्या जागांवर मेमरीत आधीपासून पडलेला कचरा राहतो. कधी तो शून्य असतो, म्हणून चाचणीत सगळं छान दिसतं.

आउटमध्ये मूळ ॲरेच दिला तर उत्तर त्याच जागी लिहिलं जातं आणि मेमरी वाचते. एक कोटी फ्लोट६४ म्हणजे जवळजवळ ८० मेगाबाइट; तेवढाच दुसरा ॲरे टळतो. पण ॲरे इंटिजर असेल तर 'फ्लोट६४ चं इंट६४ करता येत नाही' अशा आशयाची एरर येते. झिरोज_लाइक(अंक) वापरलं आणि अंक इंटिजर असला तरी हीच एरर, कारण झिरोज_लाइक डीटाइपही उचलतं. वरती झिरोज(अंक.शेप) लिहिलं ते याचसाठी, ते फ्लोट६४ बनवतं.

घात चिन्ह आणि मॅथ

अंक ** ०.५ लिहिलं तरी चालतं. अंक ** १/२ लिहिलं तर चालतं पण चुकतं: घात आधी, भागाकार नंतर, म्हणजे प्रत्येक संख्येचा फक्त अर्धा होतो. ४ साठी दोन्ही उत्तरं २ येतात, त्यामुळे ४ वर चाचणी घेऊ नका. कंस घाला, नाहीतर सरळ एसक्यूआरटी लिहा. वाचणाऱ्यालाही लगेच कळतं.

साध्या पायथनमध्ये (-४) ** ०.५ कॉम्प्लेक्स उत्तर देतं, नमपायच्या ॲरेवर तेच नॅन देतं. कंस काढून -४ ** ०.५ लिहिलं तर −२.० येतं, कारण वजाचं चिन्ह शेवटी लागतं.

पायथनच्या मॅथ मॉड्यूलमधलं एसक्यूआरटी एकेका संख्येसाठी आहे. त्याला अनेक घटकांचा ॲरे दिला की टाइपएरर येतो. ऋण संख्या दिली तर ते नॅन न देता व्हॅल्यूएरर देऊन थांबतं.

एररमध्ये 'कॉलेबल एसक्यूआरटी मेथड नाही' आलं तर

ही एरर वाचून काही बोध होत नाही, पण अर्थ एकच: ॲरेचा डीटाइप ऑब्जेक्ट आहे. म्हणजे नमपायकडे संख्या नाहीत, पायथनच्या वस्तूंची यादी आहे. कारणं ठरलेली असतात. यादीत कुठेतरी नन (पायथनमधलं 'काहीच नाही') आहे, किंवा १० चा २० वा घात अशी ६४ बिटांत न मावणारी पूर्ण संख्या आहे, किंवा पांडाजचा मिश्र कॉलम तसाच उचलला आहे.

अंक.ॲजटाइप(फ्लोट) बहुतेक वेळा पुरतं. नन असेल तिथे नॅन येतो. फाइलमधून वाचलेल्या आकड्यांचा ॲरे कधी स्ट्रिंगचाही असतो. यादीत एकच स्ट्रिंग असली तरी नमपाय शेजारच्या सगळ्या संख्यांची स्ट्रिंग करून टाकतं. तिथेही ॲजटाइप(फ्लोट) चालतं, मात्र आकड्यांत स्वल्पविराम असतील तर आधी ते काढावे लागतात.

पूर्ण वर्ग ओळखायचा असेल तर

२ चं मूळ काढून त्याचा पुन्हा वर्ग केला तर २.०००००००००००००००४ येतं. म्हणून फ्लोट मुळांची तुलना दुहेरी बरोबर चिन्हाने करू नका, दोन संख्या जवळजवळ समान आहेत का ते बघणारं एनपी.इजक्लोज वापरा.

पूर्ण संख्यांचा प्रश्न थोडा वेगळा आहे. फ्लोट संख्यांच्या आयट्रिपलई ७५४ मानकाप्रमाणे वर्गमूळ शक्य तितकं अचूक, जवळच्या फ्लोटला गोळा करून मिळतं. त्यामुळे १४४ चं मूळ नेमकं १२.० येणारच. पण मूळ कापून पूर्ण संख्या घेण्याची पद्धत मोठ्या आकड्यांवर फसते. ४५०३५९९७६१५८८२२४ ही संख्या घ्या. ती ६७१०८८६५ च्या वर्गापेक्षा बरोबर एकने कमी आहे, म्हणून तिच्या मुळाचा पूर्णांक ६७१०८८६४ हवा. एसक्यूआरटी ६७१०८८६५.० देतं. खरं मूळ त्या पूर्ण संख्येच्या इतकं जवळ आहे की मध्ये फ्लोट६४ ची कुठली पायरीच उरत नाही.

म्हणून मूळ काढल्यावर पूर्ण संख्यांमध्येच उलट तपासा:

```
मुळे = एनपी.रिंट(एनपी.एसक्यूआरटी(अंक)).ॲजटाइप(एनपी.इंट६४)
पूर्ण = (मुळे * मुळे == अंक)
मुळे = मुळे - (मुळे * मुळे > अंक)
```

पहिली ओळ मूळ जवळच्या पूर्ण संख्येला गोळा करते, दुसरी पूर्ण वर्ग कोणते ते सांगते, तिसरी मूळ जास्त झालं असेल तिथे एक वजा करते. ऋण संख्या आधी गाळून घ्या, कारण नॅनचा इंटिजर करण्याला अर्थ नाही. ६४ बिटांच्या पलीकडच्या संख्यांसाठी नमपाय सोडा आणि पायथन ३.८ पासून असलेलं मॅथ.आयएसक्यूआरटी एकेका संख्येवर चालवा. ते हळू आहे, पण पूर्ण संख्येतच काम करतं, त्यामुळे गोळाबेरीज होत नाही.

मॅट्रिक्सचं मूळ वेगळं

एसक्यूआरटी प्रत्येक घटकाचं मूळ काढतं, मॅट्रिक्सचं नाही. [[५, ४], [४, ५]] वर ते [[२.२३६, २], [२, २.२३६]] देतं. या उत्तराला मॅट्रिक्स म्हणून स्वतःनेच गुणलं तर कोपऱ्यात ५ ऐवजी ९ येतो. गुणाकाराने आधीचा मॅट्रिक्स परत मिळावा असं मूळ हवं असेल तर सायपाय या शास्त्रीय आकडेमोडीच्या लायब्ररीच्या लिनालग भागातलं एसक्यूआरटीएम वापरा. इथे ते [[२, १], [१, २]] देईल. घनमूळ हवं असेल तर एनपी.सीबीआरटी आहे, आणि ते −२७ लाही −३ देतं. १/३ घाताने तिथे नॅन येतो.

वेग

फॉर लूप लावून एकेक घटकाचं मूळ काढू नका. मोठ्या ॲरेवर तो अनेक पटींनी हळू पडतो. एनपी.व्हेक्टराइज हे नाव फसवं आहे, आत तो पायथनचा लूपच असतो.

आणि कधी कधी मूळ काढायची गरजच नसते. कोणता बिंदू सगळ्यात जवळ आहे एवढंच शोधायचं असेल तर अंतरांच्या वर्गांवर आर्गमिन (सगळ्यात लहान घटकाची जागा सांगणारं फंक्शन) चालवा, क्रम तोच राहतो. एखाद्या त्रिज्येच्या आतले बिंदू हवे असतील तर त्रिज्येचा एकदाच वर्ग करून त्याच्याशी तुलना करा.